कुरिअरने पार्सल पोस्टाकडे दिलं की

ठाण्यातून माल पाठवायला सुरुवात करताय, तर बुकिंगआधीच कुरिअरवाल्याला विचारा: या पिनकोडवर तुमचा माणूस जातो, की पार्सल पोस्टाकडे देता? वागळे इस्टेट ते वाशी हा प्रश्न सहसा येत नाही. मोखाड्याच्या आतल्या गावाला येऊ शकतो.

पोस्टाकडे जाणार असेल तर पोस्टाचा दुसरा ट्रॅकिंग नंबर मागून घ्या. स्पीड पोस्टचा नंबर १३ जागांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. नवव्या आकड्याने आधीचे आठ तपासले जातात, म्हणून टाइप करताना एक आकडा चुकला तरी नंबर सापडत नाही. कुरिअरचं ट्रॅकिंग 'हँडओव्हर'वर थांबलं म्हणजे पार्सल हरवलं असं नाही. पुढचं पोस्टाच्या साइटवर बघायचं. हा नंबर ग्राहकालाही कळवा, नाहीतर फोन तुम्हालाच.

खरी गडबड पत्त्यात होते. शाखा डाकघराला, म्हणजे गावातल्या छोट्या पोस्टाला, स्वतंत्र पिन नसतो, ते ज्याच्या हाताखाली येतं त्या उपडाकघराचाच चालतो. एका पिनवर कितीतरी गावं. म्हणून पाडा, गाव, 'मु. पो.', तालुका, जिल्हा सगळं लिहा. मोखाडा आता पालघर जिल्ह्यात आहे, जुन्या याद्यांत अजून ठाणेच सापडतं. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका.

कॅश ऑन डिलिव्हरी मात्र अशा पार्सलला नकोच. पैसे कोण गोळा करणार, कुरिअर की पोस्ट, हे लेखी ठरलेलं नसेल तर पार्सल परत येतं आणि दोन्हीकडचं भाडं तुमच्या अंगावर पडतं.