‘द वायर’चा दुसरा सीझन गाळू नका

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर आधी देतो: नाही, ‘द वायर’ या बाल्टिमोर शहरावरच्या अमेरिकी टीव्ही मालिकेचा दुसरा सीझन गाळून तिसऱ्यावर उडी मारू नका. तुम्ही लिहिलंय की पहिला सीझन झपाट्यानं संपवला, गर्दच्या टोळीचे म्होरके एव्हन आणि स्ट्रिंगर, आणि त्यांना लुटणारा ओमार यांच्यात जीव गुंतला, आणि दुसरा लावला तर समोर गोदीवरचे अनोळखी कामगार, त्यांची युनियन, त्यांची बिअर, त्यांची भांडणं. तीन एपिसोड झाले तरी ही माणसं आपल्याला का दाखवतायत ते कळत नाही. 2003 साली हा सीझन पहिल्यांदा लागला तेव्हाही बऱ्याच प्रेक्षकांची हीच तक्रार होती. पण तुम्ही म्हापशाचे, मी डिचोलीचा. बंदर, युनियन, बंद पडलेला धंदा आणि डोळ्यांदेखत हातची जाणारी घरं ही गोष्ट आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. माझ्या मते अख्ख्या मालिकेचा प्राण याच बारा एपिसोडांत आहे.

आधी ही मालिका कुणी केली ते पाहा, म्हणजे तिची चाल कळेल. डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या ‘द सन’ या वर्तमानपत्रात कितीतरी वर्षं पोलीस बातमीदार होता. त्याचा जोडीदार एड बर्न्स त्याच शहरात खुनांचा तपास करणारा पोलीस आणि पुढे सरकारी शाळेतला शिक्षक. या दोघांना ‘खुनी कोण’ यात फारसा रस नाही. त्यांना शहर समजून घ्यायचंय, आणि ते एकेक दार उघडत जातात: पहिल्यात गर्दचा धंदा, दुसऱ्यात बंदर, तिसऱ्यात राजकारण, चौथ्यात शाळा, पाचव्यात वर्तमानपत्र. 2002 ते 2008, एकूण 60 एपिसोड. यातलं बंदर काढून टाकलंत तर पहिल्या सीझनमधली पोरं कोपऱ्यावर उभी राहून पुड्या का विकतात, याचं अर्धं उत्तर तुमच्या हातून निसटेल. त्यांच्या आजोबांच्या पिढीला ज्या कामावर घर चालवता येत होतं, ते काम कुठे गेलं हे दुसऱ्या सीझनमध्ये दिसतं.

आता गोदीवरची ती सकाळ आठवा. माणसं जमतात, जहाजं किती आलीत ते बघतात, आणि काम ज्येष्ठतेप्रमाणे वाटलं जातं. जुन्यांना आधी, तरण्यांना उरलं तर. निक सोबोत्का तिशीच्या आतला, धडधाकट, कामसू, पण त्याच्या वाट्याला आठवड्याचे पुरेसे दिवसच येत नाहीत. बायको म्हणावी अशी मैत्रीण आहे, लहान मुलगी आहे, आणि तो आईवडिलांच्या तळघरात राहतो. पोलिसांच्या कथेत असा माणूस एरवी पाच मिनिटांपुरता येतो, ‘पैशासाठी वाकड्या वाटेला गेला’ एवढं सांगून कथा पुढे सरकते. इथे तो रिकामा दिवस तुम्हाला त्याच्याबरोबर काढावा लागतो. तुम्हाला जो कंटाळा वाटतोय, त्यातला काही भाग त्या पोरांचाच आहे, आणि तो मुद्दाम तुमच्यापर्यंत पोचवलाय असं मला वाटतं.

गोव्यातल्या आमच्या खाणपट्ट्यात हे मी पाहिलंय. डिचोली, सांगे, केपे इथलं खनिज ट्रकांनी नदीकाठच्या जेटीवर, तिथून बार्जमध्ये, मांडवी-जुवारीतून मुरगाव बंदरात, आणि पुढे जहाजातून बाहेर देशी. या एका साखळीवर ट्रकमालक, ड्रायव्हर, क्लीनर, गॅरेजवाले, टायरवाले, बार्जवरचे कामगार आणि रस्त्याकडेचे चहा-भजीवाले असे सगळे उभे होते. 2012 च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारनं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. मधे काही काळ काम परत सुरू झालं आणि 2018 मध्ये न्यायालयानं खाणींच्या 88 लीजचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा ठप्प. बँकेचा हप्ता चालू आणि ट्रक अंगणात उभा, ही अवस्था आमच्याकडे घरोघर होती. त्यामुळे निकचा काका फ्रँक सोबोत्का पडद्यावर धान्याच्या बंद धक्क्याकडे बघत उभा राहतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

फ्रँक या सगळ्या कथानकाचा कणा आहे. क्रिस बाउअरनं तो असा केलाय की चालण्यातच त्याचं ओझं दिसतं. तो युनियनचा खजिनदार. त्याला स्वतःसाठी काही नको: ना गाडी, ना बंगला. त्याला कालव्यातला गाळ उपसून हवाय म्हणजे मोठी जहाजं येतील, आणि तो धान्याचा धक्का पुन्हा चालू व्हायला हवाय. हे राजकारण्यांकडून करून घ्यायला मध्यस्थ लागतो, मध्यस्थाला पैसे लागतात, आणि युनियनमध्ये माणसंच उरलेली नाहीत तर वर्गणी कुठून येणार? म्हणून तो ‘ग्रीक’ नावाच्या माणसाचे कंटेनर कागदावरून गायब करतो. यंत्रात एक नोंद करायची नाही, एवढंच. डब्यात काय आहे ते विचारायचं नाही, हा त्याचा नियम.

आणि मग बंदर पोलिसातल्या बिडी रसेलला त्यातल्या एका कंटेनरमध्ये 13 बायकांची प्रेतं सापडतात.

मालिकेचा मोठेपणा मला इथे दिसतो. फ्रँक वाईट माणूस नाही, आणि तरीही तो दोषी आहे. दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत खऱ्या राहतात, एकीनं दुसरी पुसली जात नाही. तो रागावतो, ग्रीकच्या माणसांना जाब विचारतो, त्याला रात्री झोप लागत नाही, पण पुढचा कंटेनर आला की परत तोच हिशेब: पोरांना कामाचे दिवस मिळायला हवेत. आमच्या पट्ट्यात याबद्दल मोकळेपणानं बोललं जात नाही, म्हणून मी इथे लिहितो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला तेव्हा त्यात सांगितलेल्या बेकायदा कामांपैकी कितीतरी गोष्टी गावात सगळ्यांना दिसत होत्या. शेतात उतरलेली लाल माती दिसत होती, आटलेल्या झरी दिसत होत्या. पण पगार येत होता, ट्रकाला फेऱ्या मिळत होत्या. विचारायचं नाही हा नियम आपल्याकडेही होता. तो पाळणारे माझे शेजारी, नातेवाईक चांगली माणसं होती आणि आहेत. फ्रँकनं मला त्यांच्याकडे एकाच वेळी प्रेमानं आणि स्पष्टपणे बघायला शिकवलं. गुन्ह्यांच्या दुसऱ्या कुठल्या मालिकेकडून मला हे मिळालेलं नाही.

बिडीबद्दल थोडं. तुम्ही तिला ‘बाजूचं पात्र’ म्हटलंय, ते मला पटत नाही. ती बंदर पोलिसात आली ती पगार बरा म्हणून, दोन मुलं एकटीनं वाढवायची म्हणून. तपास कसा करतात हे तिला ठाऊक नाही. बंक आणि लेस्टर यांच्यासारख्या मुरलेल्या तपास पोलिसांशेजारी ती आधी गप्प बसते, बघते, मग हळूहळू एकेक प्रश्न विचारू लागते. एमी रायननं हे इतकं अलगद केलंय की ती कधी शिकली तो क्षण बोट ठेवून दाखवता येत नाही. गोदीवरच्या माणसांना ती आधीपासून ओळखते, त्यांच्यात वावरलीय, म्हणून शहरातल्या हुशार पोलिसांना जे दिसत नाही ते तिला दिसतं.

पोलिसांच्या बाजूला एक गोष्ट नीट पाहा. त्या 13 बायकांसाठी न्याय हवा म्हणून तपास सुरू होत नाही. पहिल्या सीझनमधल्या मॅकनल्टी या पोलिसाला शिक्षा म्हणून गस्तीच्या बोटीवर टाकलंय, त्याचा साहेबांवर राग आहे, म्हणून तो भरती-ओहोटीचे तक्ते काढून सिद्ध करतो की हे मृत्यू शहराच्या हद्दीतले आहेत, म्हणजे न उकललेल्या खुनांचं ओझं त्याचा जुना साहेब रॉल्स याच्या डोक्यावर पडेल. आणि फ्रँकच्या मागे पोलीस लागतात ते तर चर्चच्या खिडकीवरून! मेजर व्हॅलचेकला तिथे पोलिसांच्या नावाची रंगीत काच लावायची होती, युनियननं आपली आधी लावली. एवढ्याशा मानापमानातून अख्खं पथक उभं राहतं. ज्यांनी गावच्या देवळात पहिला मान कुणाचा यावरून वर्षानुवर्षं चाललेले वाद पाहिलेत, त्यांना ही काच अजिबात अतिशयोक्ती वाटणार नाही. मात्र त्याच पथकात पुढे खरं काम होतं, कारण लेस्टर, किमा, बंक यांना काम नीट करण्याचीच सवय आहे. वरचे हेतू क्षुद्र आणि खालचं काम चोख, हे नातं मालिका पाचही सीझन सोडत नाही.

झिगी तुम्हाला डोक्यात जातो म्हणालात. जाणारच, तसाच लिहिलाय. फ्रँकचा मुलगा, पण गोदीला शोभेल असं त्याच्या अंगात काहीच नाही, आणि बापाला सगळ्या पोरांसाठी वेळ आहे, याच्यासाठी नाही. त्याचे चाळे बघताना चीड आली तरी त्याच्यावरून नजर काढू नका. पुढचं सांगत नाही.

निक आणि घराचा प्रसंग मात्र सांगतो, त्यानं काही फुटत नाही. मैत्रिणीबरोबर तो एक घर बघायला जातो. एकेकाळी ते त्याच्याच नातलगाचं होतं. आता दलाल त्याचं नवं वर्णन करून जी किंमत सांगतो ती ऐकून दोघं निमूट बाहेर पडतात. धान्याच्या धक्क्यावरही कुणाचा तरी डोळा आहेच, तिथे पाण्याकाठचे महागडे फ्लॅट करायचेत. तुमच्या बार्देशात आज कुठल्याही वाड्यावर जा, जुनं घर दिल्ली-मुंबईच्या पैशाला विकलेलं आणि त्याच गावातला मुलगा भाड्याच्या खोलीत, हे चित्र दिसेल. ही मालिका बाल्टिमोरची आहे, तिथल्या पोलिश आणि कृष्णवर्णीय कामगारांची आहे, ती गोव्याची करायचा माझा हेतू नाही. पण तो प्रसंग मी दरवेळी पाहतो तेव्हा मला हळदोणे आणि आसगाव ही गावं आठवतातच.

आणखी एक. 26 मार्च 2024 ला ‘डाली’ या मालवाहू जहाजाच्या धडकेनं बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला, पुलावर रात्री खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. बंदराचा मुख्य मार्ग कित्येक आठवडे बंद राहिला, आणि गोदीवरच्या लोकांचे कामाचे दिवस पुन्हा एकदा गेले. बातम्यांत तो पूल पाहताना मला हाच सीझन आठवत होता. तुम्ही शेवटाकडे जाल तेव्हा तो पूल पडद्यावर ओळखाल.

कसं पाहावं हेही विचारलंत. रोज एकच एपिसोड, इंग्रजी सबटायटल लावून, कारण गोदीवरची बोली खरंच जड आहे. पाचव्या एपिसोडपर्यंत निर्णय घेऊ नका. ओमारची फार आठवण येत असेल तर सहाव्यात त्याचा कोर्टातला प्रसंग आहे, त्याच्या सगळ्या प्रसंगांत माझा सर्वात आवडता. त्याच एपिसोडमध्ये तुरुंगातही असं काही घडतं की एव्हनच्या बार्क्सडेल टोळीची गोष्ट थांबली होती असं तुम्ही पुन्हा म्हणणार नाही. तिसरा सीझन तिथून सुरू होतो, त्यामुळे हे गाळलंत तर स्ट्रिंगर आणि एव्हनमधलं पुढचं काहीच नीट लागणार नाही.

विकिपीडिया तेवढं उघडू नका. बारावा संपला की इथेच लिहा, फ्रँकबद्दल तेव्हा सविस्तर बोलू.