घरी व्हिडिओ लावून विन्यास योग (श्वासाच्या लयीत एकामागून एक आसनं) करताना सारखं स्क्रीनकडे बघावं लागतं आणि लय तुटते. काय करावं?

आधी तो व्हिडिओ एकदा नुसता बसून बघा. मग मात्र आवाजावर चाला. अधोमुख श्वानासनात (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) मान वळवून स्क्रीन बघणं तर अजिबात नको, मानेला लचक भरू शकते. एकच २० मिनिटांचा व्हिडिओ आठवडाभर करा, क्रम आपोआप अंगात मुरतो.

खरी गोम चतुरंग दंडासनात (कोपरं वाकवून अंग जमिनीला समांतर धरणं) आहे. घाईत खांदे कोपरांच्या खाली जातात आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. गुडघे खुशाल टेकवा. श्वास सोडत खाली, घेत ऊर्ध्वमुख श्वानासनात (हात सरळ, छाती वर). श्वास अडकला की वेग जास्त आहे असं समजा आणि व्हिडिओ ०.७५ गतीवर ठेवा. शेवटचं शवासन कृपया गाळू नका, पाच मिनिटं तरी पडून राहा.