पाणी किती पिऊ हो डॉक्टर?

या महिन्यात तुमच्या पत्रांमध्ये दुसरा विषयच नाही. मार्च संपायच्या आत विदर्भातून सुरुवात झाली, मग सातारा, जत, जळगाव, आणि सगळ्यांचं म्हणणं फिरून फिरून एकच की पाणी नक्की किती प्यायचं ते लिटरमध्ये सांगा. लिटरमध्ये मी सांगणार नाहीये, का ते पहिल्याच उत्तरात कळेल. काही पत्रं घेतलीयेत, थोडी कापून.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी नागपूरला आयटीत आहे, वय ३१, दिवसभर एसीत बसून काम. मोबाइलमध्ये ॲप टाकलंय, ते दर तासाला टुंग वाजतं की मी ग्लास संपवतो, असे रोजचे चार लिटर होतात. रात्री तीनदा उठावं लागतं. बायको म्हणते अति होतंय, मित्र म्हणतात तीन-चार लिटर पाहिजेच. कोण बरोबर?

उत्तर : बायको.

दिवसाला आठ ग्लास पाणी हवंच असं जे सगळे म्हणतात, ते प्रकरण कुठून आलं ते सांगते. १९४५ साली अमेरिकेतल्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डानं लिहिलं की माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, आणि लगेच पुढे हेही लिहिलं की यातलं बरंचसं जेवणातूनच मिळतं. पहिलं वाक्य जगभर फिरलं, दुसरं तिथंच राहिलं. नंतर २००४ मध्ये त्यांच्याकडेच नवे आकडे आले, पुरुषांना ३.७ लिटर आणि बायकांना २.७, पण ते सगळं मिळून, म्हणजे चहा, दूध, फळं, जेवण धरून. आणि आपलं ताट तर मुळातच ओलं असतं हो, वरण, रस्सा, ताक, भातानं शिजताना पिऊन घेतलेलं पाणी, वर कलिंगडाची फोड. ते कोण मोजतं?

ॲपला तुमचं वजन माहितीये, तुम्ही एसीत बसलाय की मे महिन्यात दुपारी दोनला बाइकवर वर्धा रोडनं चाललाय हे माहीत नाही. म्हणून मीटर बघायचा तर लघवीचा बघा. लिंबू सरबतासारखा फिकट पिवळा रंग म्हणजे ठीक. गडद, काळ्या चहाकडे झुकलेला म्हणजे कमी पडतंय. दिवसभर नळाच्या पाण्यासारखी बिनरंगाची होत असेल तर तुम्ही नुसतं एका बाजूनं ओतून दुसऱ्या बाजूनं काढताय. (बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेत असाल तर भडक पिवळी होते, तेव्हा घाबरू नका.) ज्यांना मुतखडा होऊन गेलाय त्यांचं गणित वेगळं, त्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल एवढं प्यायला सांगतो आम्ही, म्हणजे पिणं त्याहून जास्त आलं.

तुम्ही ॲप काढा, संध्याकाळनंतर जरा हात आखडता घ्या. आणि तरीही रात्री तीनदा उठणं थांबलं नाही तर एकदा शुगर तपासून घ्या, हे मात्र टाळू नका.

प्रश्न : मॅडम मी साताऱ्याचा, वय ३८, हिल मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात पळतो. मागच्या रविवारी २१ किलोमीटर, अडीच तास लागले. डिहायड्रेशन नको म्हणून प्रत्येक स्टॉपला साधं पाणी प्यायलो, तीन लिटरच्या वर नक्की गेलं असेल. तरी शेवटी डोकं गरगरलं, मळमळलं, बोटं अशी सुजली की अंगठी निघेना. ग्रुपवाले म्हणतात पाणी कमी पडलं, अजून पी.

उत्तर : दादा, ग्रुपवाल्यांचं ऐकू नका, निदान यावेळी तरी. बोटं सुजणं, मळमळ आणि अडीच तासांत तीन लिटरच्या वर साधं पाणी हे तीन एकत्र आले की मला शंका उलटी येते, पाणी जास्त झाल्याची. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं, तुम्ही भरून काढलं फक्त पाणी, मग रक्तातलं सोडियम पातळ होतं. किडनी तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते, आणि पळताना तर शरीर उलट पाणी धरून ठेवायला बघतं, त्यामुळे वरचं सगळं अंगात साचतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये फिनिश लाइनला ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि त्यात सगळ्यात ठळक खूण कोणती तर पळून आल्यावर वजन वाढलेलं असणं. पळून वजन वाढतं, विचार करा! त्याच शर्यतीत याच कारणानं एक तरुणी गेली.

तुमचं रक्त मी बघितलेलं नाही, त्यामुळे हेच झालं असं छातीठोक म्हणत नाही. पण पुढच्या लाँग रनला असं करा. निघण्याआधी लघवीला जाऊन कमीत कमी कपड्यांत वजन करा, एक तास नेहमीच्या स्पीडनं पळा, येऊन घाम पुसून परत वजन. समजा ६८ किलोचे ६६.८ झालात आणि मध्ये ४०० मिली प्यायलात, तर गेलं १.२ लिटर अधिक ते ४०० मिली, म्हणजे तासाला १.६ लिटर घाम. हा तुमचा आकडा, फक्त तुमचा आणि फक्त त्या हवेतला. थंडीत वेगळा येईल, पावसाळ्यातल्या दमट हवेत वेगळा.

आता हा सगळा घाम तिथल्या तिथं भरून काढायचा नसतो. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६८ किलोच्या माणसाला साधारण १.४ किलो, घट झाली तर बहुतेकांचं भागतं. त्याच्या पुढे गेलं की मात्र रक्त कमी पडतं, हृदयाला जास्त ठोके मारावे लागतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही आणि घाटातला नेहमीचा चढ अचानक दुप्पट उभा वाटायला लागतो. म्हणून तहान लागेल तसं घोट घोट, बऱ्याच जणांना तासाला ४०० ते ८०० मिली पुरतं, आणि तासाभराच्या वर पळणार असाल तर त्यात मीठ-साखर असू दे, लिंबू सरबत चालेल. पण मीठ घातलं म्हणून कितीही प्या असंही नाही. आणि परत असं होऊन डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, माणूस असंबद्ध बोलायला लागला तर पाणी पाजत बसू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : उन्हातून आल्यावर मुलांना मेडिकलमधला ऑरेंज फ्लेवरचा इलेक्ट्रोलाइटचा खोका देते, ओआरएसच ना ते?

उत्तर : नाही. ओआरएस म्हणजे पावडरचं पाकीट, ज्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं असतं, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. खोक्यात बऱ्याचदा साखर कितीतरी जास्त असते, जुलाब लागलेल्या पोराला ते दिलं तर जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, अशा सरबतांच्या नावात ओआरएस लिहायला बंदी घातली ती यासाठीच. लिटरचं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्धं आज अर्धं उद्या असं नाही, आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलीचा.

हे एवढं साधं दिसतं ना, १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं, घरचेच लोक रुग्णाला पाजायचे. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. उन्हातून आलेल्या धडधाकट पोराला मात्र यातलं काही लागत नाही, माठातलं पाणी आणि कैरीचं पन्हं द्या.

प्रश्न : मी आशा सेविका आहे, जत तालुका. सकाळी आठला निघते, वाड्या-वस्त्यांवर चालत फिरते, दुपारी दोन वाजतात. पाणी मुद्दाम पीत नाही. प्रत्येक घरात पाण्याचा तांब्या पुढं करतात हो, पण बाथरूम कुणाला विचारणार? वर्षातून तीन-चारदा उन्हाळी लागते, जळजळ, थेंब थेंब होते. धन्याचं पाणी पिते, बरं वाटतं, परत होतं. पिशवीत लोकांसाठी ओआरएसची पाकिटं असतात आणि मी कोरडी.

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना मी पाणी प्या म्हणून सांगते, तुम्हाला ते सांगायला मला लाज वाटते, कारण तुम्हाला ते माझ्याइतकंच माहितीये. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ग्लासात नाहीच. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, हायवेवरच्या ट्रॅफिक पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या मावश्या, सगळ्यांचं हेच, आणि आम्ही डॉक्टर दर वेळी इन्फेक्शनची गोळी लिहून देतो.

तरी जे हातात आहे ते बघू. उठल्यापासून सातपर्यंत दोन ग्लास पिऊन घ्या आणि निघण्याआधी लघवीला जाऊन या. वाटेत अगदी कोरडं राहू नका, प्रत्येक तांब्यातला दोन घोट तरी घ्या. रूट असा लावा की मध्ये अंगणवाडी, उपकेंद्र, शाळा किंवा एखाद्या मैत्रिणीचं घर येईल, तीन-चार तासांच्या वर रोखून धरायचं नाही. दुपारी आल्यावर ताक, नाचणीची आंबील, जे असेल ते निवांत प्या. आणि वर्षातून तीन-चारदा होतंय म्हणजे धन्याच्या पाण्यावर सोडून चालणार नाही, पीएचसीत लघवी तपासा, शुगरही बघा. थंडी वाजून ताप किंवा कमरेत एका बाजूला दुखणं आलं तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही.

महिन्याच्या मीटिंगमध्ये हे बोला, एकट्या नको, चौघी मिळून. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी राइट टू पी, म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणून मोहीम काढली तेव्हा लोक हसले होते, पण प्रश्न महापालिकेपर्यंत गेला. आणि हे वाचणाऱ्या ज्या घरात आशाताई येतात त्यांनी तांब्या पुढं करताना हळूच विचारा ना, ताई, आत जाऊन यायचंय का. त्याला पैसे पडत नाहीत.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे, जळगावचं ऊन, सासूबाई म्हणतात चमचाभर पाणी दे, घसा सुकतो त्याचा.

उत्तर : सहा महिन्यांपर्यंत एक थेंबही नको. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, उन्हाळ्यात जास्त वेळा पाजा, झालं. सासूबाईंची काळजी खरी आहे, ते पाणी तुम्हाला पाजायला सांगा त्यांना.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. तहानच लागत नाही म्हणतात. परवा दुपारी जरा भ्रमिष्टासारखं बोलले.

उत्तर : म्हातारपणी तहानेची घंटाच बारीक वाजते, त्यात गोळी लघवीची असेल तर आणखी पाणी जातं. तहानेची वाट न बघता औषध, चहा, जेवण यांच्याबरोबर अर्धा-अर्धा ग्लास ठरवून द्या, चहाही पाण्यातच धरा. पण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, तिथं जास्त पाणी घातक ठरतं. भ्रमिष्ट बोलणं मात्र साधं समजू नका, आजच दाखवा. आणि कधी त्याबरोबर अंग तापलेलं लागलं तर १०८ ला फोन, गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, अंग ओलं करून पंखा लावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : उभ्यानं पाणी प्यायलं की गुडघे जातात असं व्हॉट्सॲपवर आलंय. मी आयुष्यभर उभ्यानंच प्यायलो आणि आता खरंच गुडघे दुखतात. वय ६९.

उत्तर : काका, पाणी पोटात जातं, तिथून गुडघ्याला वेगळी पाइपलाइन नाही. बसून प्या, छान वाटतं म्हणून. गुडघ्यांचा मात्र एक्स-रे काढून आणा.