विचारा बिनधास्त: पोरीचं विद्यापीठ ‘चर्चवाल्यांचं’ निघालं, पाठवू का?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही लातूरचे. लेकीची बारावी झाली, नीटला नंबर लागला नाही, मग तिच्या मामाच्या नादानं अमेरिकेत अर्ज टाकले आणि एका युनिव्हर्सिटीतनं बीएसची ॲडमिशन आली, थोडी स्कॉलरशिप पण देतायत. आता माहितीपत्रक बघितलं तर पहिल्याच पानावर चर्च, खाली ‘कॅथलिक’ लिहिलेलं, आणि सगळी मिळून पोरं फक्त अडीच हजार! आमचे हे म्हणायलेत, एवढं बारकं विद्यापीठ असतंय का कुठं, आणि सासूबाई म्हणायल्यात पोरीला बाटवतील. मला रात्रीची झोप नाही. (एक आई, लातूर)

उत्तर: अहो ताई, आधी तुमच्या ह्यांचं बघू. आपल्याकडं विद्यापीठ म्हणलं की डोळ्यासमोर काय येतं, संभाजीनगरचं बामू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, १९५८ सालचं, नाहीतर १९९४ ला वेगळं झालेलं नांदेडचं. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात पसरलेली कॉलेजं, शिकवणार कॉलेज, पेपर काढणार विद्यापीठ, आणि निकालात घोळ झाला की एसटी पकडून जायचं. तिकडं तसं नाही. तिकडं बहुतेक सगळी युनिव्हर्सिटी म्हणजे एकच आवार, तेच सर शिकवणार, तेच पेपर काढणार, तेच तपासणार. त्यामुळं अडीच हजार पोरांचं विद्यापीठ तिकडं अजिबात नवल नाही. कॅथलिक कॉलेजं-युनिव्हर्सिट्या मिळून तिकडं दोनशेच्या घरात आहेत, कुठं जेझुइट फादरांनी काढलेल्या, कुठं बेनेडिक्टाईन (हे दोन्ही कॅथलिक साधूंचे संघ), आणि कितीतरी तर सिस्टर लोकांनी म्हणजे नन्सनी काढलेल्या.

मी स्वतः अंबाजोगाईहून उठून अशाच एका बारक्या कॅम्पसवर गेले होते, मिडवेस्टमधे म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागात, नाव सांगत नाही. धर्माची भीती मला पण दाखवली होती सगळ्यांनी, पण जड गेलं ते वेगळंच, तिथं लपायला जागाच नाही हो! वर्गात आम्ही चौदा जणी-जणं. एकदा थंडीत सकाळी आठचा तास बुडवून मी झोपले, तर दुपारपर्यंत सरांचा ईमेल, ‘बरी आहेस ना?’ आणि डायनिंग हॉलच्या दारात कार्ड स्वाइप करणाऱ्या मावशी होत्या त्या म्हणल्या, सकाळी नाश्त्याला आली नाहीस. मला तर आमच्या गल्लीचीच आठवण आली, कोण कधी घराबाहेर पडलं ते सगळ्यांना ठाऊक. काही पोरींना हे फार आवडतं, काहींचा जीव गुदमरतो. तुमची लेक कशी आहे ते तुम्हीच ओळखा, निर्णय खरं तर तिथंच आहे.

आता बाटवण्याचं. कॅथलिक युनिव्हर्सिट्यांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली नियम घालून दिलेत, त्यात संस्थेच्या कामात कॅथलिक शिकवण असावी असं आहे आणि त्याच वाक्यात पुढं, प्रत्येकाच्या विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा, असंही आहे. रविवारी मिसा म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते, जायचं तर जा नाहीतर कुणी विचारत नाही, माझी रूममेट स्वतः कॅथलिक असून झोपलेली असायची. सक्ती असते ती थिऑलॉजी (धर्मशास्त्र) आणि फिलॉसॉफीच्या एकदोन पेपरांची, बहुतेक ठिकाणी डिग्रीचाच भाग असतो तो. पण तो अभ्यासाचा विषय असतो, त्यात परीक्षा असते, निबंध असतो, नापास पण करतात. मी मोठ्या जोशात पैठणच्या नाथषष्ठीवर लिहिलं, वाटलं फादर खूष होतील, तर बी मायनस! शेरा काय, ‘श्रद्धा दिसते, संदर्भ कुठं आहेत?’ दुसऱ्यांदा एकनाथांचे अभंग नीट लावून लिहिलं तेव्हा कुठं ए मिळाला.

एक गंमत सांगते सासूबाईंना. फेब्रुवारीतला एक बुधवार होता, मी लायब्ररीत गेले तर काउंटरवरच्या बाईंच्या कपाळाला राख, पुढं दोन पोरं, त्यांच्या कपाळाला राख, आमचे केमिस्ट्रीचे सर, त्यांच्या पण! मला वाटलं परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांवरच उभी आहे. तो ॲश वेन्सडे, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ त्या दिवशी लागतो. आदल्या वर्षीच्या पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, झावळ्या जाळून ती राख करतात, आणि लावताना म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. आता ह्यात सासूबाईंना नवीन काय आहे सांगा.

हो, हॉस्टेलचे नियम मात्र आधी विचारून घ्या. अशा ठिकाणी बऱ्याचदा मुलींचा मजला किंवा अख्खी बिल्डिंग वेगळी असते आणि रात्री ठरल्या वेळेनंतर मुलांना तिकडं येऊ देत नाहीत. अमेरिकन पोरी वैतागतात. तुमच्या ह्यांना तेवढंच ऐकून बरं वाटंल.

प्रश्न: घरात माळ आहे, मुलगा अंडंसुद्धा खात नाही. तिकडं खायचे हाल होतील का? (परभणी)

उत्तर: होतील थोडे, खोटं कशाला बोलू. पास्ता, सॅलड, चीज पिझ्झा, बीन्स ह्यावर दिवस काढावे लागतात. पण ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत शुक्रवारी कॅथलिक लोक मटण-चिकन खात नाहीत, मासे चालतात, त्यामुळं त्या दिवशी मेसमधे आपल्याला खाता येईल असं बरंच सापडतं. मी वर्षभर त्या शुक्रवारांची वाट बघायचे. शेंगदाण्याची चटणी आणि काळा मसाला बॅगेत टाका, सूपमधे घातला की सूप पण आपलं होतं.

प्रश्न: पोरगं जायलंय अशाच एका लहान कॅथलिक युनिव्हर्सिटीत. मधेच बंद पडली तर? आणि फी बघून डोळे पांढरे झालेत. (एक वडील, जालना)

उत्तर: भाऊ, प्रश्न एकदम बरोबर विचारलात, सगळे चर्चचीच भीती घेऊन येतात आणि हे कुणी विचारत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडची होली नेम्स युनिव्हर्सिटी १८६८ सालची, ती २०२३ मधे बंद झाली. फिलाडेल्फियाजवळची कॅब्रिनी युनिव्हर्सिटी २०२४ मधे बंद, तिचा कॅम्पस शेजारच्या विलानोव्हा युनिव्हर्सिटीनं घेतला. पोरं कमी, फंड कमी, की लहान संस्था आधी कोलमडते. म्हणून ॲक्रेडिटेशन म्हणजे मान्यता चालू आहे का, गेल्या चारपाच वर्षांत पोरांची संख्या घसरत चाललीय का, कोर्स बंद करायलेत का, हे सरळ ईमेल करून विचारा. गोलमोल उत्तर आलं तर सावध व्हा.

फीचं म्हणाल तर छापील आकड्यावर जाऊ नका, खाजगी युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप वजा करून हातात किती भरायचं तेच बघायचं, आणि ती स्कॉलरशिप चारही वर्षं आहे का आणि किती मार्कांवर टिकते हे लेखी घ्या. पोरगं कमवून भरंल ह्या हिशोबावर पण जाऊ नका, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना सहसा कॅम्पसवरच काम मिळतं आणि ते पण आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, त्यात खर्चापाण्याचं भागंल, फी नाही भागायची.

प्रश्न: मावशी, मी नांदेडचा, पहिलंच सेमिस्टर आहे, युनिव्हर्सिटी लहान, आजूबाजूला मक्याचं रान. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गाड्या काढून घरी जातात, पार्किंग रिकामं, मजल्यावर मी एकटा. रडू येतंय.

उत्तर: ये रडून घे बाळा, मी पण लाँड्री रूममधे बसून रडायचे, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नाही. मग एक काम कर. कॅम्पस मिनिस्ट्रीचं, म्हणजे युनिव्हर्सिटीतलं चर्चचं काम बघणारं, ऑफिस असंल बघ, नाव ऐकून लांब राहू नको, शनिवारी गरिबांच्या जेवणाला वाढायला गाडी तेच काढतात, धर्म विचारत नाहीत, आणि पंगतीत वाढायची सवय तर आपल्याला आहेच. दुसरं, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला बऱ्याच ठिकाणी हॉस्टेल आणि मेस दोन्ही बंद करतात, राहायचं असंल तर आधी फॉर्म भरावा लागतो, मला माहीत नव्हतं आणि मी चार दिवस सुक्या पोह्यांवर काढले. तू आत्ताच जाऊन तारीख विचारून ये.