फोडावं लागेल ते आधी

प्रश्न : घराचं काम जोत्यापर्यंत आलंय. ठेकेदाराने वाढीव कामांची यादी दिली आहे : फॉल्स सीलिंग, बाथरूममध्ये मोठ्या टाइल्स, भारी नळ, जादा वॉटरप्रूफिंग, जादा इलेक्ट्रिक पॉइंट. सगळं झेपणारं नाही. काय निवडावं?

उत्तर : प्रत्येक कामापुढे लिहा : हेच पाच वर्षांनी करायचं झालं तर काय फोडावं लागेल? काहीच नाही, असं असेल तर ते आज सोडा. फॉल्स सीलिंग आणि भारी नळ इथेच यादीतून बाद होतात. बाथरूमच्या जमिनीला मोठ्या टाइल्स तर पैसे हाताशी असले तरी नकोत. मोठी टाइल पाणी जाण्याच्या जाळीकडे चारी बाजूंनी ढाळ घेत नाही, मग कोपऱ्यात पाणी साचतं. ढाळ मीटरला 10 ते 12 मिमी हवा.

वॉटरप्रूफिंगमध्ये थर वाढवण्यापेक्षा कोपरे आणि पाइपभोवतीची भोकं नीट करून घ्या, कारण पाणी बहुधा तिथूनच उतरतं. भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मालाने) भरावीत, जमीन आणि भिंतीच्या सांध्यात गोलाई द्यावी. मग वॉटरप्रूफिंगच्या लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा आणि पहिला सुकल्यावरच. लेप भिंतीवर 300 मिमी आणि शॉवरपाशी 1.8 मीटरपर्यंत चढवा. त्यानंतर जाळी बुजवून 48 तास पाणी साठवा, पातळीला खूण करा आणि खालून स्लॅब पाहा. ही चाचणी टाइल बसण्याआधीच व्हायला हवी. नंतर गळती सापडली तर टाइल उखडण्यावाचून इलाज नाही.

पॉइंटवर जरूर खर्च करा. गीझर आणि एसीला 4 चौरस मिमी तांब्याची वायर, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच. दिव्यांना 1.5, पॉवर सॉकेटला 2.5. बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारी कळ, हवीच. तिला चैनीच्या यादीत टाकणाऱ्याचं ऐकू नका.

प्रश्न : सौर पॅनेल आणि मोबाइलवर चालणारे दिवे पुढे घ्यायचे आहेत. आत्ता काय करून ठेवावं?

उत्तर : गच्चीपासून मीटरच्या बोर्डापर्यंत 25 मिमीचे दोन रिकामे पाइप टाका, आत नायलॉनची दोरी सोडा आणि तोंडं बंद करा, नाहीतर गिलाव्याचा माल आत जाऊन पाइप कायमचा बुजतो. वळणं ऐसपैस ठेवा. काटकोनी एल्बोमधून जाड केबल ओढली जात नाही. इंटरनेटच्या केबलचा पाइप वेगळा.

दिव्यांसाठी प्रत्येक स्विचबॉक्समध्ये न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) आणून ठेवा आणि बॉक्स खोल घ्या. बऱ्याच स्मार्ट स्विचना न्यूट्रल लागतो, आणि नेमका तोच नेहमीच्या वायरिंगमध्ये अनेकदा स्विचपर्यंत येत नाही.

गिलाव्याआधी नळाच्या पाइपांची दाबचाचणी करा. दाबमापकाचा काटा काही तास जागचा हलता कामा नये. मग प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढा. पुढे पडद्याचा रॉड लावताना ड्रिल कुठे चालवायचं नाही, ते त्यातच दिसेल.