व्हीएमला खरी डिस्क देताना सातबारा एकाच्याच नावावर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडच्या घरी जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारी प्रणाली) टाकलंय, ते एनव्हीएमईवरून (मदरबोर्डवर बसणारी वेगवान एसएसडी) बूट होतं. 4 टीबीच्या दोन सॅटा डिस्क आहेत, त्यांवर घरातले फोटो एक्स्ट4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये आहेत, आणि वेग मिळावा म्हणून त्या ट्रूनासच्या (फाइल साठवून नेटवर्कवर देणारी प्रणाली) व्हीएमला थेट द्यायच्या आहेत.

आधी वेगाचं भूत उतरवू. फिरत्या डिस्कचा सलग वाचायचा वेग सेकंदाला साधारण 150 ते 200 एमबी असतो. घरातलं नेटवर्क 1 गिगाबिटचं, म्हणजे फार तर 110-115 एमबी. गाडी अडते ती नेटवर्कमध्ये. डिस्क थेट द्यायचं खरं कारण वेगळं आहे: उद्या मदरबोर्ड गेला तर डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची आणि वाचायची. मध्ये व्हीएमची सगळी डिस्क सामावणारी भलीमोठी इमेज फाइल नाही.

आणि हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: ट्रूनास झेडएफएस ही वेगळी फाइलसिस्टिम वापरतं, नवा पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) करताना डिस्क पुसली जाते. फोटो आधी तिसऱ्या डिस्कवर काढा आणि चार फोल्डर उघडून बघा.

आता ‘थेट’ म्हणजे काय? एक तर प्रॉक्समॉक्सच्या क्यूएम सेट कमांडने एकेक डिस्क व्हीएमला जोडायची. पत्ता देताना लिनक्सने दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं वापरू नका. बूट होताना डिस्क ज्या क्रमाने सापडतील तशी ती वाटली जातात. बाय-आयडी फोल्डरमधलं मॉडेल आणि सिरियल नंबर असलेलं लांबलचक नाव घ्या.

हे मी हात पोळल्यावर शिकलो. गुरुवार होता, दुरुस्तीसाठी लाइट गेलेली (पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको). मशीन बंदच आहे तर म्हणून कॅबिनेट झाडलं आणि सॅटाच्या केबल उलटसुलट परत लावल्या. लाइट आल्यावर एसडीबी म्हणून व्हीएमला गेली ती माझी बॅकअपची डिस्क. होस्टच्या (म्हणजे प्रॉक्समॉक्स चालवणाऱ्या खऱ्या मशीनच्या) एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कची यादी) तीच डिस्क यूयूआयडीने (फाइलसिस्टिमच्या ओळखक्रमांकाने) आधीच माउंट होत होती, म्हणजे वापरायला उघडत होती, आणि व्हीएममध्येही मी आळसाने नुसत्या नावावर माउंट लिहिलं होतं. त्यामुळे दोघांनाही ती मिळाली, कुणीच तक्रार केली नाही. रात्री फोल्डरची यादी काढली तर फाइलच्या नावापुढे आकारही नाही, तारीखही नाही, नुसती प्रश्नचिन्हं. एफएससीके (फाइलसिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) चालवल्यावर लॉस्ट-फाउंड या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या शेकडो फाइल पडल्या. त्यातला मुलीच्या बारशाचा फोल्डर जुळवायला दोन रविवार गेले.

कारण साधं आहे. होस्ट आणि व्हीएम यांचे कर्नल (प्रणालीचा गाभा) वेगळे, कॅशे (डिस्कवरच्या माहितीची मेमरीतली प्रत) वेगळी. एक्स्ट4 असं धरून चालतं की आपल्याशिवाय इथे कुणी लिहीत नाही. म्हणून डिस्कच्या सातबाऱ्यावर एकच नाव. व्हीएमला दिली की होस्टच्या एफएसटॅबमधली आणि प्रॉक्समॉक्सच्या स्टोरेजमधली तिची नोंद काढा. आतला झेडएफएस पूल होस्टवर ‘जरा बघू’ म्हणूनसुद्धा इम्पोर्ट करू नका.

एकेक डिस्क जोडायच्या या पद्धतीत ट्रूनासला दिसते ती ‘क्यूईएमयू हार्डडिस्क’ नावाची आभासी डिस्क. स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतः नोंदलेल्या तब्येतीची, माहिती आत पोचत नाही. तापमान, खराब सेक्टर होस्टवरूनच बघायचे. जोडताना सिरियल नंबर हाताने लिहा, नाहीतर ट्रूनास दोन डिस्कना एकच समजून कुरकुर करतं. डिस्कच्या सेटिंगमधली बॅकअपची खूणही काढा, नाहीतर व्हीएमच्या बॅकअपमध्ये 4 टीबी ओढले जातील. आणि स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची, मागे परतता येईल अशी नोंद) विसरा.

दुसरा मार्ग म्हणजे अख्खा सॅटा कंट्रोलरच (सगळ्या सॅटा डिस्क सांभाळणारी चिप) व्हीएमला देणं. मला हाच आवडतो, कारण ट्रूनासला खऱ्या डिस्क दिसतात, स्मार्टसकट. तुमचं बूट एनव्हीएमईवर आहे म्हणून जमेल. बूटची डिस्क त्याच कंट्रोलरवर असती तर होस्टच आडवा झाला असता. बायोसमध्ये खरं हार्डवेअर व्हीएमला द्यायची सोय (इंटेलवर व्हीटी-डी, एएमडी असेल तर आयओएमएमयू) चालू करा आणि सॅटा कंट्रोलर कोणत्या आयओएमएमयू ग्रुपमध्ये (एकत्रच द्यावी लागणारी उपकरणं) आहे ते बघा. त्याच ग्रुपमध्ये लॅन कार्ड निघालं तर कंट्रोलरबरोबर तेही होस्टच्या हातून जाईल आणि प्रॉक्समॉक्सचं पान उघडणार नाही. शिवाय अशा व्हीएमची सगळी रॅम सुरुवातीलाच अडकून राहते: 8 जीबी लिहिलीत तर 8 जीबी गेली.

ग्रुप स्वच्छ नसेल, म्हणजे त्यात दुसरं काही असेल, तर लोक एलएसआय 9211-8आय हे डिस्क जोडायचं जुनं कार्ड आयटी मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या) घेतात. चांगलं आहे, पण ते सर्व्हरच्या वाऱ्यासाठी बनलेलं. घरच्या कॅबिनेटमध्ये चटका बसेल इतकं तापतं. मी त्याच्या हीटसिंकवर बुधवार पेठेतून आणलेला छोटा पंखा केबल टायने बांधलाय. दोन डिस्कसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही, बाय-आयडीवर भागवेन.

आणि फोटो टीव्हीवर दिसावेत एवढंच हवं असेल तर ट्रूनासही नको. डिस्क होस्टवरच माउंट करा, एका एलएक्ससी कंटेनरला (होस्टचाच कर्नल वापरणारी, व्हीएमपेक्षा हलकी पेटी) तो फोल्डर द्या, आत सांबा (नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्राम) टाका. काही पुसावं लागणार नाही, तासाभराचं काम आहे.