उंच उडणारा मोठा शिकारी पक्षी घार आहे, गरुड की गिधाड, हे कसं ओळखायचं?

रंगापासून सुरुवात करू नका. आकाशाच्या उजेडात प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि पिल्लांचा रंग प्रौढांपेक्षा वेगळा असतो. आकारमानही फसवतं, कारण अंतर कळत नाही. शेजारी कावळा उडत असेल तर तुलना जरूर करा.

आधी शेपूट बघा. घारीची शेपटी टोकाला मध्ये खाचलेली असते आणि उडताना ती सतत डावी-उजवीकडे पिळते. वळताना शेपटी पूर्ण पसरली की खाच नाहीशी होते; बहुतेक लोक घारीला गरुड समजतात ते इथेच. म्हणून निदान अर्धा मिनिट नजर हटवू नका. गिधाडाचे पंख फळीसारखे रुंद, शेपटी आखूड आणि डोकं इतकं लहान की जवळजवळ दिसतच नाही. गरुडाचं डोकं मात्र ठळक पुढे आलेलं असतं, शेपटीही लांब. पांढरं गिधाड वेगळं: पाचरीसारखी शेपटी, पांढरं अंग, काळी उड्डाणपिसं.

पक्षी गवताळ माळावर जमिनीलगत, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचलून तरंगत असेल तर तो बहुधा भोवत्या (हॅरियर) हा शिकारी पक्षी. मोठा, खालून फिकट पक्षी हवेत एकाच जागी थांबत असेल तर सापमार गरुडाचा विचार करा.

सकाळी ऊन तापल्यावर, साधारण ९ ते ११ दरम्यान, हे पक्षी गरम हवेवर घिरट्या घेत वर चढतात. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. फोटो अंधुक आला तरी पंख पूर्ण पसरलेले असताना, खालूनच घ्या.